‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित? लहान मुलांच्या खेळण्यांचा ब्रँड काढण्याआधी हे वाचा

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी गप्पा आहेत तशाच ठेवल्यात.)



आजचा विषय एका फोनवरून सुरू झाला. माझी मावसबहीण कुडाळला असते. वयानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. ताई म्हणाली, “अरे, बाजारात सगळं प्लास्टिक. सावंतवाडी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथं पिढ्यानपिढ्या लाकडी खेळणी बनतात. आपणच एक ब्रँड काढूया की! इको-फ्रेंडली, शैक्षणिक, शंभर टक्के नैसर्गिक.” नोकरी सोडताना मिळालेले चार लाख रुपये तिनं यासाठी बाजूला ठेवले होते.

पहिला नमुना होता एक खुळखुळा. लाकडाचे दोन भाग कातून चिकटवलेले आणि आवाजासाठी आत लाल-काळ्या गुंजा. मी फोटो बघून खूश! ‘कोकणचा आवाज’ ही टॅगलाइनसुद्धा मीच सुचवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं काय झालं त्यात माझाही वाटा होता हे तुम्हाला कळेल.

पंधरा दिवसांनी रात्री तिचा पुन्हा फोन. खुळखुळा बाळाच्या हातून फरशीवर पडला, जोड उकलला आणि गुंजा घरभर. ताईनं आत एकवीस गुंजा मोजून भरल्या होत्या. सापडल्या एकोणीस. उरलेल्या दोन पाळण्याखाली मिळेपर्यंत त्या घरात कुणी श्वास घेतला नाही.

गुंज दिसायला सुंदर, पूर्वी सोनार तिनं सोनं तोलायचे. पण तिच्या आत ॲब्रिन नावाचं जबरदस्त विष असतं. टरफल कडक असल्यामुळे अख्खी गिळलेली गुंज बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण ती चावली गेली, फुटली किंवा तिला भोक पाडलेलं असलं तर जीवावर बेतू शकतं. आणि विष बाजूला ठेवा, तेवढ्या आकाराची कुठलीही बी बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकते.

म्हणजे बघा. प्लास्टिक शून्य. रसायन शून्य. सगळं शंभर टक्के नैसर्गिक. आणि तरीही धोकादायक!

आजच्या भागात हेच समजून घ्यायचंय. खेळणं पर्यावरणाला चांगलं असणं ही एक गोष्ट आणि बाळाला सुरक्षित असणं ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही. दोन्ही वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात.

आधी बाळाचं तोंड

मोठी माणसं खेळणं डोळ्यांनी बघतात. बाळ ते तोंडानं बघतं. चाटतं, चावतं, लाळेत भिजवतं, फेकतं, परत उचलून तोंडात घालतं. त्यामुळे खेळण्याची पहिली परीक्षा तोंडाशीच होते.

प्रयोगशाळेत यासाठी एक छोटी नळी वापरतात. तिच्या तोंडाचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा, आणि तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलांचं खेळणं किंवा त्याचा सुटा झालेला कुठलाही भाग न दाबता या नळीत पूर्ण मावला, तर खेळणं नापास. कारण जे नळीत मावतं ते घशात अडकू शकतं.

गंमत म्हणजे खेळणं आधी जसंच्या तसं तपासतात आणि मग त्याचे हाल करून परत तपासतात. अगदी लहान बाळांचं खेळणं साधारण साडेचार फुटांवरून पुन्हा पुन्हा पाडतात. भाग पिळून बघतात, ओढून बघतात. एवढं झाल्यावर मणी निघाला, खुंटी सुटली, ढलपी उडाली की खेळ खलास. खुळखुळ्याची मूठ घशात जाऊ नये म्हणून त्याला वेगळा साचा असतो. बाळाच्या खेळण्याला वीतभरापेक्षा लांब दोरी नको, कारण ती गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. छोटी ताकदवान चुंबकं तर नकोतच. दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ती एकमेकांना चिकटतात आणि मधली आतडी चिमटून भोक पडतं.

ताईचा खुळखुळा फक्त एकदा पडला होता. तोही बाळाच्या हातून, दीड फुटावरून.

तो का उकलला? कारागिराची चूक नव्हती. डिझाइन ताईचं, चिकटवणंही तिचंच. लाकूड हवेतलं पाणी शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. कोकणातल्या पावसाळ्यात कातलेला, नीट न वाळलेला तुकडा पुढे कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत गेला की जोड ढिला पडतो. त्यामुळे लाकूड आधी नीट सुकवून घ्यावं लागतं, आणि अगदी लहान मुलांच्या खेळण्यात जमेल तिथे जोडच ठेवायचा नाही. एकाच लाकडातून कातलेली कडी किंवा एकमेकांत अडकवलेली वलयं उकलणार कुठून?

मग रंग, आणि इथे परंपराही दगा देते

२००७ साली मॅटेल या जगातल्या नामांकित खेळणी कंपनीला लाखो खेळणी बाजारातून परत बोलवावी लागली होती. त्यातल्या बऱ्याच खेळण्यांच्या रंगात शिसं जास्त होतं. शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. पोटात गेलेल्या शिशातलं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. आणि शरीरात अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही.

यावर आपण पटकन म्हणतो, “मग पारंपरिक रंग वापरू की!” थांबा. शेंदूर म्हणजे काय? शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. हो, ‘हरताळ फासणे’ मधला तोच पिवळा हरताळ, जो पोथीत चुकलेल्या अक्षरांवर फासायचे. हे तिन्ही रंग शेकडो वर्षं आपल्या चित्रांत आणि पोथ्यांत आहेत. तिथे ते शोभतात. बाळाच्या हिरड्यांखाली नाही.

मग काय वापरायचं? याचं चांगलं उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. बंगळूर आणि म्हैसूरच्या मधलं चन्नपट्टण. तिथली लाकडी खेळणी लाखेनं रंगवतात. लाख ही किड्यापासून मिळणारी राळ. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर ती तयार होते. रंग मिसळलेली लाखेची कांडी गरगर फिरणाऱ्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून चकाकी आणतात. ब्रशनं लावलेल्या रंगासारखे तिचे पापुद्रे सहज सुटत नाहीत.

पण इथंही एक ‘पण’ आहे. लाख सुरक्षित म्हणून तिच्यात मिसळलेला रंग सुरक्षित ठरत नाही. हळद, नीळ असे रंग वेगळे आणि बाजारातली सुटी, नाव-गाव नसलेली भुकटी वेगळी. चमकदार पिवळ्या-केशरी रंगांवर जास्त लक्ष ठेवायचं, कारण लेड क्रोमेट नावाचं शिशाचं संयुग नेमकं तसंच झळझळीत पिवळं दिसतं. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग आहे. हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, उद्योगांत वापरायच्या प्रत्येक रंगासाठी नाही. त्यामुळे दुकानातून कुठलाही डबा उचलायचा नाही.

आणि एक छोटी गोष्ट, कोरोनापासूनच्या सवयीमुळे सांगतो. लाखेच्या खेळण्यावर सॅनिटायझर मारू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! ओलसर फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं. ब्रँड काढणार असाल तर हे वाक्य डब्यावर मोठ्या अक्षरात छापा.

कायदा काय म्हणतो?

२०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं बाजारातली खेळणी उचलून तपासली, तेव्हा आयात खेळण्यांपैकी जवळपास ६७ टक्के नापास झाली. त्यानंतर सरकारनं २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आता आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बाहेरून आलेलं असो की इथं बनलेलं.

मानकाचा क्रमांक आयएस ९८७३. त्याचे बरेच भाग आहेत, पण आपल्याला तीन महत्त्वाचे. पहिला भाग म्हणजे आकार, कडा, टोकं आणि सुटे भाग. दुसरा, खेळणं किती पटकन पेट घेतं. तिसरा, रंग आणि साहित्यातून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा अशी आठ मूलद्रव्यं किती बाहेर झिरपतात. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ आहे.

आता ताईचा प्रश्न. “अरे, पण हस्तकलेला सूट आहे ना?”

आहे. पण ती कुणाला, हे नीट वाचायला हवं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरानं स्वतः बनवलेली आणि स्वतः विकलेली खेळणी या आदेशातून वगळली आहेत. भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंनाही सूट आहे, पण ती त्या मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला. तुम्ही चार कारागिरांकडून माल बनवून घेऊन स्वतःच्या ब्रँडखाली ऑनलाइन विकणार असाल, तर कारागिराची सूट तुमच्या खिशात आपोआप येत नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आयएसआयचा परवाना ब्रँडला मिळत नाही, खेळणं जिथं बनतं त्या जागेला मिळतो. म्हणून माल दुसऱ्याकडून बनवून घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, “तुमच्या कारखान्याकडे परवाना आहे का, आणि तो याच प्रकारच्या खेळण्यासाठी आहे का?”

‘इको-फ्रेंडली’ या शब्दालाही आता किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं नुसतं लिहून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे डब्यावर मोघम ‘निसर्गस्नेही’ लिहिण्यापेक्षा नेमकं लिहा. लाकूड कुठलं, कुठून आणलं, रंग कशाचा, डब्यात प्लास्टिक आहे की नाही. शिवाय पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन हे सगळं लागतंच.

आणि ‘लाकडी’ म्हटलं म्हणजे सगळं लाकूडच असतं असंही नाही. स्वस्तातली बरीच कोडी एमडीएफची असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकट राळ दाबून केलेला पत्रा, आणि त्या राळेत फॉर्मल्डिहाइड असू शकतं. एमडीएफ वापरलं असेल तर तसं सांगा आणि कमी उत्सर्जनाचा दर्जा मागून घ्या.

‘शैक्षणिक’ म्हणजे एबीसीडी छापणं नाही

सध्या कुठल्याही ठोकळ्यावर इंग्रजी अक्षरं छापली की ते शैक्षणिक. पण वर्षभराच्या बाळाला ‘ए फॉर ॲपल’ नको असतं. त्याला हवं असतं ‘टाकलं की पडतं’, ‘आत घातलं की दिसेनासं होतं’, ‘मोठं छोट्यात जात नाही’. हेच त्याचं गणित आणि हेच विज्ञान.

हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्याच्या साधनांत आधी लोकरीचे चेंडू होते, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं, खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं केली. आजचा ‘लो-कॉस्ट, लोकल’ हा शब्द नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

फक्त वयाचं भान हवं. पाच वर्षांच्या मुलीला चिंचोके मोजायला द्या, मजेत बेरीज शिकेल. तेच चिंचोके दहा महिन्यांच्या भावासमोर ठेवू नका. म्हणून डब्यावरचं वय ही ‘हुशारीची’ खूण नसते, ती सुरक्षिततेची सूचना असते. “आमचा बाळ्या हुशार आहे, तीन वर्षांचं खेळणं दीड वर्षातच खेळतो” असं कौतुकानं सांगणाऱ्या आजीला हे जरूर सांगा.

पैशाचं गणित

ताईच्या वहीत बारा खेळणी होती. मी म्हटलं, आपण एकाचाच हिशोब मांडू. हे आकडे समजण्यापुरते आहेत हां, दरपत्रक नव्हे.

समजा एका मनोऱ्याचं लाकूड, लाख, मजुरी मिळून १८० रुपये. डबा आणि लेबल ३० रुपये. तपासणीवर त्या डिझाइनमागे २० हजार लागले असं धरू. दोनशे नग विकले तर प्रत्येकावर १०० रुपये बसले. हजार नग विकले तर फक्त २०. म्हणजे पहिल्या हिशोबात नग ३१० ला पडला, दुसऱ्यात २३० ला. अजून कुरिअर, परत आलेला माल आणि दुकानदाराचा वाटा बाकीच आहे.

बारा डिझाइन म्हणजे बारा वेळा तपासणी आणि बारा ठिकाणी पडून राहिलेला माल. नवीन ब्रँड बुडतात ते बहुतेक इथे, आणि पैसे कमी पडायला लागले की पहिली कात्री लागते ती तपासणीलाच. “पुढच्या लॉटला करू” असं म्हणतात. मोह तिथेच असतो. म्हणून सुरुवात दोन-तीन खेळण्यांनी करा, पण ती पूर्ण तपासून करा. आणि मजुरीत घासाघीस करून नफा काढू नका. घाईत घासलेलं लाकूड ढलपी सोडतं, आणि ती बाळाच्याच बोटात जाते.

ग्राहक म्हणून तुम्ही काय करू शकता?

तुमच्यातले सगळे ब्रँड काढणार नाहीत, पण भाच्याच्या वाढदिवसाला खेळणं तर घ्याल! मग फोन काढा. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप आहे. आयएसआय चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे का, ते दिसतं. क्रमांकच नसेल तर चिन्ह नुसतं चित्र समजा. कारागिराकडून थेट घेत असाल तर निवांत बसून विचारा, रंग कशाचा, जोड कुठे, किती वर्षांच्या मुलासाठी. चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात. मग खेळणं हातात घेऊन ओढा, पिळा, कडेवरून बोट फिरवा.

आणि ताई?

ताईनं बारातली दहा खेळणी वहीतून खोडली. राहिली दोन. एकाच लाकडातून कातलेलं बाळाचं कडं आणि मोठ्या चकत्यांचा मनोरा. कड्याला रंगच नाही, नुसतं घासून गुळगुळीत केलेलं लाकूड. दोन्हींचे नमुने आता तपासणीला गेलेत आणि अहवाल येईपर्यंत एकही नग विकायचा नाही असं तिनं ठरवलंय. चार लाखांतले बरेच अजून बँकेत आहेत. घरातले विचारतात, “दिवाळीचा सीझन हातचा घालवतेस?” ती म्हणते, “दिवाळी दरवर्षी येते.”

‘कोकणचा आवाज’ ही माझी टॅगलाइन तिनं रद्द केली. नवीन टॅगलाइन नाहीये. डब्यावर फक्त वय, लाकडाचं नाव आणि पुसायचं कसं एवढं लिहिलंय.

त्या एकवीस गुंजा तिनं एका काचेच्या बरणीत घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवल्यात. मी विचारलं, फेकत का नाहीस? म्हणाली, “पुढचं डिझाइन करताना बघायला लागतील.”

चला मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरात एखादं जुनं लाकडी खेळणं असेल तर आज रात्री एकदा त्याचे जोड तपासा, आणि घरात नवं बाळ आलंय अशा मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!